सलीम : अर्थ, उगम आणि एका अलिफची भानगड

प्रश्न थोडक्यात असा आहे. कुटुंब मूळचं रत्नागिरी जिल्ह्यातलं, आता मुंबईच्या उपनगरात राहतं. मुलगा झालाय आणि त्याला पणजोबांचं ‘सलीम’ हे नाव द्यायचं घरात ठरतंय. नेटवर अर्थ शोधला तर कुठे ‘शांत’, कुठे ‘सुरक्षित’, कुठे ‘राजपुत्र’ आणि एका ठिकाणी चक्क ‘साप चावलेला’ असं दिलंय. ते वाचल्यापासून बाळाची आजी बिथरली आहे. शिवाय पणजोबांच्या रेशनकार्डावर ‘सालीम’ आणि मतदारयादीत ‘सलिम’ आहे, तर खरं कुठलं? आणि आजच्या काळात हे नाव फार जुनाट वाटेल का?

मी तीसेक वर्षं मुंबईत अरबी कागदपत्रांच्या भाषांतराचं काम करतो. जन्मदाखले, निकाहनामे, शाळा सोडल्याचे दाखले, आखाती देशांतले करारनामे. नावं हा माझ्या धंद्यातला सगळ्यात किचकट भाग, आणि ‘सलीम’ने मला जितका त्रास दिलाय तितका क्वचितच दुसऱ्या कुठल्या नावाने दिला असेल. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी आजींचं समाधान. ‘साप चावलेला’ हा अर्थ कुणी मनचा काढलेला नाही, तो अरबी कोशांत खरोखर आहे. पण त्यात घाबरण्यासारखं काही नाही, उलट नावाचा जीव तिथेच आहे. तुमच्या गावाकडे जुनी माणसं ‘साप चावला’ असं म्हणत नसत, ‘पान लागलं’ म्हणत. रात्री सापाचं नावसुद्धा घ्यायचं नाही, ‘जनावर’ म्हणायचं. दिवा विझवत नाहीत, दिव्याला निरोप देतात. बांगडी फुटत नाही, ‘वाढवते’. दुकान बंद करत नाहीत, तेही ‘वाढवतात’. घरातून निघताना ‘जातो’ म्हटलं की आजी अजूनही टोकते, ‘येतो म्हण’. अरबांचं नेमकं हेच. ज्याला विष चढलंय त्याला ‘दंश झालेला’ म्हणायचं नाही, ‘सलीम’ म्हणायचं, म्हणजे ‘धडधाकट’. तो बरा व्हावा म्हणून त्याला आधीच बरा म्हणून टाकायचं.

ही सवय त्यांच्या भाषेत खोलवर आहे. आपण ‘काफिला’ म्हणतो तो शब्द अरबीत ‘काफिला’च, आणि त्याचा मूळ अर्थ आहे ‘परतणारा’. तांडा निघालेला असतो दूरदेशी, पण त्याला म्हणायचं परतणारा. हे आपलं ‘येतो’च झालं. जिथे माणूस तहानेने मरतो त्या वाळवंटाला एक शब्द आहे ‘मफाझा’, तो आलाय सुटका आणि यश या अर्थाच्या धातूवरून. आंधळ्याला ‘बसीर’, म्हणजे डोळस, म्हणण्याचा प्रघात होता.

दंश झालेल्या ‘सलीम’चं एक चित्र इस्लामपूर्व काळातल्या नाबिगा या कवीच्या कवितेत आहे. राजाच्या रागाने आपल्याला झोप कशी लागत नाही हे सांगताना तो म्हणतो की मी जणू साप डसलेला माणूस, ज्याला हिवाळ्यातली लांबच लांब रात्रभर जागं ठेवलंय आणि ज्याच्या हातांत बायकांचे दागिने खुळखुळताहेत. झोपला तर विष अंगात भिनेल या समजुतीने त्याच्या हातात कांकणं घालायची आणि आवाज करत राहायचा. त्या ओळीत ‘साप चावलेला’ असा शब्दच नाही, तिथे ‘सलीम’ आहे. आणि बुखारीच्या हदीससंग्रहातला, म्हणजे प्रेषितांच्या वचनांच्या आणि आठवणींच्या संग्रहातला, प्रसंग तर मदरशात शिकलेल्या कुणालाही पाठ असतो. प्रवासात मुक्काम पडलेल्या सहाबांकडे, म्हणजे प्रेषितांच्या सोबत्यांकडे, एका टोळीतली मुलगी धावत येते आणि म्हणते, आमचा प्रमुख ‘सलीम’ आहे आणि आमचे पुरुष गावात नाहीत, तुमच्यात कुणी मंत्र जाणणारा आहे का? अर्थ शब्दशः घेतला तर हसू येईल, प्रमुख धडधाकट आहे तर धावत कशाला आलीस? त्याला विंचू-काट्याचा दंश झाला होता. एका सहाबीने कुराणातली पहिली सूरा, फातिहा, पढली, प्रमुख उठून बसला आणि त्याने ३० मेंढ्या दिल्या.

तेव्हा आजींना सांगा, मुलाच्या नावात साप नाही. सापापासून वाचण्याची दुआ आहे.

आता मूळ अर्थ. अरबी शब्द बहुतेक तीन व्यंजनांच्या धातूवर उभा असतो. इथे ती आहेत सीन, लाम, मीम, म्हणजे स-ल-म. या धातूचा गाभा ‘शांती’ असा सांगितला जातो, पण माझ्या मते तो ‘अख्खेपणा’ आहे. न मोडलेलं, न तुटलेलं, दोष नसलेलं. शांती हा त्याचा पुढचा परिणाम: भांडण नाही, मोडतोड नाही, म्हणून शांतता. हॉटेलातला ‘मुर्ग मुसल्लम’ आठवा. तो याच धातूचा, आणि त्यात शांततेचा काही संबंध नाही, कोंबडी अख्खी आहे इतकंच. अरबी व्याकरणात मूळ शब्द न मोडता प्रत्यय लावून होणाऱ्या अनेकवचनाला ‘जम्अ सालिम’ म्हणतात आणि शब्द आतून मोडून होणाऱ्याला ‘मोडलेलं अनेकवचन’. मराठीत याच कुळातले शब्द रोज वापरतो: सलाम, सलामी, सहीसलामत. आणि ग्रामपंचायतीत वा जिल्हा परिषदेत काम केलं असेल तर ‘तसलमात’ हा शब्द ऐकला असेल, खर्चासाठी आगाऊ दिलेली रक्कम. तोही ‘तसलीम’वरून, म्हणजे सुपूर्द करणं. (सालममिश्री मात्र या कुळातली नाही. तिचा उगम कोल्ह्याच्या अरबी नावापाशी जातो. नुसत्या आवाजावरून नातं जोडायला गेलं की असं फसायला होतं.)

कुराणात ‘सलीम’ शब्द दोनदा येतो आणि दोन्ही वेळा तो हृदयाचं विशेषण आहे. २६व्या सूरेत, म्हणजे अध्यायात, जिथे म्हटलंय की त्या दिवशी संपत्ती आणि मुलगे कामी येणार नाहीत, कामी येईल तो ‘कल्बे सलीम’ घेऊन आलेला. आणि ३७व्या सूरेत इब्राहिम यांच्या संदर्भात. तिथे भाषांतरकार ‘शुद्ध हृदय’, ‘निर्मळ मन’ असं काय काय लिहितात. मला विचाराल तर मराठीतला सगळ्यात जवळचा शब्द ‘निकोप’. आणि मराठी नावांत सलीमचं भावंड शोधायचं तर ते ‘अक्षत’. लग्नात टाकतो त्या अक्षता म्हणजे न तुटलेले तांदूळ. अर्थ तोच.

‘राजपुत्र’ हा अर्थ कुठून आला ते सांगायला नको. अनारकलीच्या गोष्टीवरचे सिनेमे बघून कुणीतरी शब्दकोश बनवला असावा.

इथे एक गोष्ट धर्माच्या अंगाने विचारली जाते म्हणून सांगतो. अल्लाहच्या ९९ नावांच्या प्रचलित यादीत ‘अस्-सलाम’ आहे, ‘सलीम’ नाही. म्हणून अब्दुस्सलाम, म्हणजे ‘अस्-सलामचा दास’, असं जोडून ठेवायची पद्धत आहे, सलीमला मात्र ‘अब्दुल’ लावायची गरज पडत नाही. करीम, रहीम ही नावं एकटी ठेवावीत का यावर घराघरांत वाद होतात, सलीमच्या वाट्याला तो वाद येत नाही.

आता सलीम की सालिम. या प्रश्नावर मी पोट भरलंय, त्यामुळे इथे थोडा रेंगाळणार आहे.

अरबीत ही दोन वेगळी नावं आहेत. एकाच धातूची, पण वेगळ्या साच्यांतली. ‘सालिम’ हा कर्त्याचा साचा: हाकिम, मालिक, वारिस, कातिल. ‘सलीम’ हा अंगभूत गुणाचा साचा: हकीम, करीम, गरीब, वकील. हाकिम म्हणजे हुकूम चालवणारा आणि हकीम म्हणजे शहाणा, पुढे वैद्य. तितकाच फरक इथे. सालिम म्हणजे एखाद्या संकटातून सुखरूप निघालेला, सलीम म्हणजे स्वभावानेच निकोप. फरक बारीक आहे, रोजच्या वापरात कुणी मोजत नाही, पण नाव म्हणून दोन्ही स्वतंत्र आहेत. अरबी लिहिताना सालिममध्ये सीननंतर अलिफ, म्हणजे ‘आ’चं अक्षर, येतो, सलीममध्ये अलिफ नाही आणि लामनंतर ‘ये’ हे अक्षर येतं. दोन्हीकडे अक्षरं चारच.

गोंधळ आपल्याकडे मराठीने वाढवला आणि रोमन लिपीने त्यावर कळस चढवला. मराठीत अकारान्त शब्दाचा उपान्त्य इकार दीर्घ लिहितात. या नियमाने ‘सलीम’चं काही बिघडत नाही, तो मुळात दीर्घच. पण कर्त्याच्या साच्यातल्या शब्दांची पार वाट लागते. गाफिलचा ‘गाफील’ झाला, जालिमचा ‘जालीम’ झाला आणि तो बिचारा अत्याचारी आता उपायाच्या मागे लागलाय. काहींचा इकारच उडाला: मालिकचा मालक, वारिसचा वारस, हाजिरचा हजर. तेव्हा रेशनकार्डावरचं ‘सालीम’ हे अरबीच्या दृष्टीने कुठलंच नाव नाही, ते ‘सालिम’ला मराठी शुद्धलेखनाची इस्त्री केलेलं रूप असू शकतं किंवा कारकुनाने जादा काना दिलेलं ‘सलीम’ असू शकतं. मतदारयादीतलं ‘सलिम’ मात्र सरळ ऱ्हस्व-दीर्घाची चूक. आणखी मागच्या पिढीचे मोडी कागद असतील तर त्यांचाही इकाराबाबत उपयोग नाही, मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळे लिहितच नाहीत. काना मात्र मोडीतही दिसतो.

रोमनमध्ये एस-ए-एल-आय-एम लिहिलं की ते दोघांपैकी कोण हे खुद्द अरबही सांगू शकत नाही. ओमान, येमेन, अमिरात या पट्ट्यात सालिम हे नाव फार प्रचलित आहे, त्यामुळे तिथला कारकून हे स्पेलिंग बघितलं की डोळे झाकून अलिफ घालतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. कोकणातलाच एक गृहस्थ, मस्कतला एसी दुरुस्तीच्या कामावर. बायको-मुलाला तिकडे नेलं, मुलाला शाळेत घालायचं होतं. मी मुलाच्या जन्मदाखल्याचं भाषांतर केलं आणि बापाचं नाव मराठी दाखल्यावर होतं तसं ‘सलीम’ लिहिलं, सीन-लाम-ये-मीम. बरोबरच होतं. पण त्याच्या तिकडच्या रहिवासी कार्डावर कुणीतरी सहा वर्षांपूर्वी ‘सालिम’ लिहून ठेवलं होतं आणि त्याने ते कधी वाचलंच नव्हतं, कारण अरबी बोलता येत असलं तरी त्याला वाचता येत नव्हतं. शाळेने कागद परत केले: मुलाचा बाप वेगळा आणि कार्डावरचा माणूस वेगळा. फोनवर तो मला म्हणाला, “सर, एका रेघेसाठी माझा पोरगा बिनबापाचा झाला.” ती रेघ म्हणजे अलिफ. मग प्रतिज्ञापत्र, त्याचं भाषांतर, त्यावर शिक्के, दीड महिना. चूक माझी नव्हती, पण तेव्हापासून सलीम नावाचा कागद आला की मी आधी पासपोर्ट आणि असेल तर तिकडचं कार्ड मागतो. तुम्हाला व्यवहारी सल्ला हवा असेल तर हाच: जन्मनोंदणी करताना इंग्रजी स्पेलिंग दोन ई घालून करा, एस-ए-एल-ई-ई-एम. ते वाचून कुणी सालिम लिहीत नाही. आणि मराठी रकान्यात सलीम, दीर्घ ली. विभक्ती लावली तरी तो दीर्घच राहतो. वकीलचं वकिलाला आणि गरीबचं गरिबाला होतं, पण विशेषनाम म्हणून ‘सलीमला’.

गंमत अशी की हा घोळ आजचा नाही. अरबी लिखाणात ऱ्हस्व स्वरांच्या खुणा सहसा घालत नाहीत. त्यामुळे सीन-लाम-ये-मीम या चार अक्षरांचं वाचन ‘सलीम’ होतं तसं ‘सुलैम’ही होतं, म्हणजे ‘छोटा सालिम’ अशा लाडाच्या घाटाचं नाव. सुलैम नावाची एक मोठी टोळीही होती. लिहायला एक, वाचायला दोन, अशा नावांनी हदीसच्या अभ्यासकांच्या नाकी नऊ आणले होते. एका माणसाच्या जागी दुसरा वाचला गेला तर हदीस कुणी कुणाकडून ऐकली ती साखळीच बिघडते. म्हणून अशा जोड्यांवर त्यांनी ग्रंथच्या ग्रंथ लिहिले. दहाव्या शतकातल्या दारकुत्नी यांचा तर त्याच विषयावरचा मोठा ग्रंथ आहे. तेराव्या शतकातले इब्नुस्सलाह आणि नववी यांनी विद्यार्थ्यांसाठी एक सोपा नियम देऊन ठेवलाय: बुखारी आणि मुस्लिम या दोन संग्रहांत ही चार अक्षरं दिसली की बेधडक ‘सुलैम’ वाचा, अपवाद एकच, सलीम बिन हय्यान. हजारो हदीस आणि त्यांच्या साखळ्यांत नावांचा तो डोंगर, आणि त्यात सलीम एकच! यावरून जे दिसतं ते मला महत्त्वाचं वाटतं. इस्लामच्या पहिल्या शतकांत सलीम हे गर्दीतलं नाव नव्हतं. गर्दी होती सालिमांची आणि सुलैमांची. अबू हुजैफा यांचे आश्रित सालिम हे कुराण ज्यांच्याकडून शिकावं अशा चौघांत प्रेषितांनी सांगितलेलं नाव. खलिफा उमर यांचा एक नातूही सालिम, मदिनेचा नामवंत फकीह, म्हणजे धर्मशास्त्रज्ञ.

धातू मात्र नावापेक्षाही खूप जुना. सीरियाच्या दक्षिणेला आणि जॉर्डनच्या ईशान्येला काळ्या दगडांचं वाळवंट आहे, आपल्या सह्याद्रीसारखाच बेसॉल्टचा काळा पाषाण, फक्त फुटून विखुरलेला. तिथल्या मेंढपाळांनी साधारण इसवी सनाच्या आधीच्या पहिल्या शतकापासून पुढची तीन-चार शतकं त्या दगडांवर कोरून ठेवलंय: अमक्याचा मुलगा अमका, इथे उंट चारले, इथे पावसाची वाट बघितली. असे हजारो लेख सापडलेत. आणि शेवटी पुष्कळदा एक ठरलेली मागणी असते, ‘हे लात देवी, स-ल-म’. म्हणजे सुखरूप ठेव. त्या लिपीत स्वर लिहीतच नाहीत, त्यामुळे तिथे माणसाचं नाव म्हणून स-ल-म कोरलेलं दिसलं तर ते नेमकं कसं उच्चारायचे ते दगड सांगत नाही. माझ्या टेबलावरच्या रोमन ‘सलिम’ची ही दोन हजार वर्षांपूर्वीची आवृत्ती!

सख्खे शेजारी हिब्रू आणि आरामीक. तिकडचा ‘शालोम’ आणि इकडचा ‘सलाम’ एकच. सुलैमान, म्हणजे हिब्रूतला श्लोमो, त्याच कुळातला.

मग सलीम लोकप्रिय झालं कधी? माझ्या वाचनानुसार अरबस्तानाबाहेर, तुर्कांच्या आणि आपल्या मुलखात. उस्मानी, म्हणजे ऑटोमन, घराण्यातला पहिला सलीम १५१२ मध्ये गादीवर आला आणि १५१७ मध्ये त्याने कैरो घेतलं. मक्का-मदिनेची सत्ताही त्याच्याकडे आली. तुर्क त्याला ‘यावूझ’, म्हणजे कठोर, म्हणतात, निकोपपणाशी त्याचा फारसा संबंध नव्हता. पुढे त्याच घराण्यात आणखी दोन सलीम झाले. अरब प्रदेशांत हे नाव पसरायला ती चार शतकांची सत्ता कारण झाली असावी असा माझा अंदाज आहे.

हिंदुस्थानात नाव रुजलं ते सुलतानामुळे नाही, फकिरामुळे. फतेहपूर सिक्रीचे शेख सलीम चिश्ती. अकबराला मुलगा जगत नव्हता, शेखसाहेबांनी दुआ दिली, १५६९ च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला आणि त्याचं नाव सलीम ठेवलं. हे सगळ्यांना ठाऊक असतं. कमी लोकांना ठाऊक असतं ते पुढचं. त्या सलीमने, म्हणजे जहांगीरने, आपल्या आठवणींत लिहिलंय की अब्बा प्यालेले असोत वा शुद्धीवर, त्यांनी मला मुहम्मद सलीम किंवा सुलतान सलीम अशी हाक मारल्याचं मी कधी ऐकलं नाही, ते कायम ‘शेखू बाबा’च म्हणत. पिराचं नाव तोंडाने कसं टाकायचं! आपल्याकडे सासऱ्याचं नाव असलेल्या मुलाला सून कधी नावाने हाक मारत नाही, तसंच. आणि १६०५ मध्ये गादीवर बसल्यावर त्याने हे नाव बदललं, त्याचं कारणही तोच देतो: ते रूमच्या, म्हणजे तुर्की, बादशहांच्या नावासारखं आहे. म्हणजे ज्या माणसामुळे आपल्याकडे हे नाव घरोघरी गेलं त्याला बापाने या नावाने कधी हाक मारली नाही आणि त्याने स्वतः ते बादशहा म्हणून वापरलं नाही. बाप-लेकाचं बिनसलं तेव्हा अलाहाबादेला जाऊन त्याची समजूत काढणाऱ्या बेगमेचं नाव होतं सलीमा, हाही एक योग.

दिल्लीचा सलीमगड मात्र या सलीमचा नव्हे. तो १५४६ मध्ये शेरशहाच्या मुलाने, इस्लाम शहाने, बांधला. लोकांनी इस्लामचा सलीम केला. धातू एकच, जीभ जिकडे वळली तिकडे.

नाव फक्त मुसलमानांचं समजू नका. कैरोचं ‘अल-अहराम’ हे वृत्तपत्र १८७५ मध्ये स्थापणाऱ्या तकला बंधूंपैकी एक सलीम, लेबनॉनचे ख्रिस्ती. इराक आणि अल्जीरियातल्या ज्यूंमध्येही हे नाव होतं. जैसलमेरला गेलात तर तिथल्या जुन्या दिवाणाची सलीमसिंगची हवेली बघायला मिळेल, सालमसिंग असंही म्हणतात, म्हणजे भानगड तिथेही आहेच. इंडोनेशियात तर वेगळीच तऱ्हा. तिथल्या चिनी वंशाच्या लोकांवर १९६० च्या दशकात स्थानिक वळणाची नावं घेण्याचा दबाव आला, तेव्हा ‘लिम’ घराण्यातल्या अनेकांनी ‘सलीम’ किंवा ‘हलीम’ पत्करलं, लिम आत शाबूत राहिला. इंडोमी नूडल्स बनवणाऱ्या उद्योगसमूहाचे संस्थापक लिएम सिओ लिओंग हे असेच सुदोनो सलीम झाले. न तुटता आत राहणं, नावाला साजेसंच.

हे नाव इतकं फिरलं याचं एक साधं कारण मला दिसतं. यात ऐन नाही, काफ नाही, खे नाही, घशातून काढायचं काहीच नाही. स, ल, म ही व्यंजनं पुष्कळ भाषांत असतात. तुर्क सेलिम म्हणतो, बंगाली सेलिम म्हणतो, आपल्या गावातली पोरं सल्या म्हणतात, नाव ओळखू येतंच.

महाराष्ट्राला हे नाव माहीत झालं ते सलीम अलींमुळे, निदान माझ्या पिढीला तरी. १८९६ मध्ये मुंबईत जन्म, सुलैमानी बोहरा घराणं, म्हणजे जमातीच्या नावातही तेच कुळ. अलिबागजवळच्या किहीमला त्यांनी सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला. त्याच किहीमवरून बेने इस्रायल मंडळींत किहीमकर हे आडनाव आलं, ज्यांच्या प्रार्थनेत ‘शालोम’ असतो. एका छोट्या गावाच्या वाळूत एकाच धातूची दोन मुळं. संभाजीनगरात दिल्ली दरवाजाजवळच्या तळ्यालाही आता सलीम अलींचंच नाव आहे. क्रिकेटवाल्यांना सलीम दुराणी आठवतील.

जुनाट वाटेल का? खरं सांगायचं तर माझ्याकडच्या जन्मदाखल्यांत गेली पंधरा वर्षं सलीम बहुतेक बापाच्या नाहीतर आजोबाच्या रकान्यात असतो. मुलाच्या रकान्यात अयान, झैद, रेहान, अरहान. त्यामुळे वर्गात तुमचा मुलगा बहुधा एकटाच सलीम असेल, आणि तीन अयानांच्या वर्गात ही गोष्ट मला तरी सोयीची वाटते. आजोबा-पणजोबांचं नाव मुलाला देण्याची रीत अरबांतही जुनी आहे. टांझानियाचे माजी पंतप्रधान सलीम अहमद सलीम, त्यांच्या नावात आजोबा-नातू दोन्ही टोकांना उभे आहेत. काहीजण अबजदचे आकडे, म्हणजे अरबी अक्षरांना ठरवून दिलेल्या अंकांची बेरीज, विचारतात: सलीमचे १४०, सालिमचे १३१. मी बेरीज करून देतो, त्यावरून भविष्य सांगत नाही.

राहिला पणजोबांचा प्रश्न. रेशनकार्ड आणि मतदारयादी बाजूला ठेवा. त्यांचा निकाहनामा घरात असेल तर तो बहुधा उर्दूत असेल, आणि लिहिणारा मौलवी नावाच्या बाबतीत कारकुनापेक्षा काटेकोर असतो. त्यात नाव शोधा आणि सीनचे तीन दात संपल्यावर काय आहे ते बघा. तिथे उभी रेघ असेल तर पणजोबा सालिम होते, आणि त्यांचंच नाव पुढे न्यायचं असेल तर मराठीत काना देऊन ‘सालिम’ लिहा, मग मराठी शुद्धलेखनवाले काहीही म्हणोत. तिथे सरळ लाम असेल आणि मीमच्या आधी खाली दोन टिंबं असतील तर ते सलीम. कागद वाचता आला नाही तर पत्ता, जन्मतारीख वगैरे झाकून फक्त नावाच्या ओळीचा स्वच्छ फोटो पाठवा, मी बघून सांगतो.